पहिलीचा आठवडा आणि तिसरीची अट

कर्नाटकातील शाळा महाराष्ट्रातल्या शाळांच्या आधी भरतात. सीमाभागातील मराठी शाळेच्या पहिलीच्या वर्गात जूनमधला एखादा आठवडा मागच्या बाकावर बसून पाहावा. सोमवारी फळ्यावर ‘ग’ येतो, मग ‘म’, ‘भ’, ‘न’. हा क्रम वर्णमालेचा नव्हे, हाताच्या वळणाचा आहे. एका अक्षराचे वळण बसले की दुसरे थोड्या फरकाने साधते. बुधवारपर्यंत ‘नग’ आणि ‘गमन’ वाचता येतात. काना आला की ‘मामा’ आणि ‘नाना’ वर्गात हजर होतात, आणि आपल्या घरातली माणसे फळ्यावर उमटलेली पाहून मुले हसू लागतात. वाचन म्हणजे काय, हे मुलाला कळण्याचा क्षण बहुधा हाच.

त्याच आठवड्यात कन्नडचा तासही असतो. कन्नड शिक्षकांचा प्रचलित क्रम ‘र, ग, स, द, अ’ असा. त्यातून पहिले शब्द घडतात ते ‘अरस’, म्हणजे राजा, आणि ‘दसर’, म्हणजे आपला दसराच. क्रम उत्तम आहे, त्यामागची दृष्टीही तीच. अडचण एवढीच की ‘ग’ दोन्हीकडे आहे. सोमवारी जो ‘ग’ शिरोरेषेखाली दंड घेऊन उभा होता, तो कन्नडच्या तासाला कमानीसारखा वाकून येतो. ध्वनी एक आणि आकार दोन. लिहिता येणाऱ्या मुलाला यात गंमत वाटेल. ज्याची पेन्सिलवरची पकडही अजून बसलेली नाही, त्याला आपलेच काही चुकले असे वाटते.

दुसरी लिपी मुलापुढे नेमकी केव्हा ठेवावी, हा प्रश्न नवा नाही. ऑगस्ट 1949 मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने त्यावर ठराव केला होता. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्यावे. ती प्रादेशिक भाषेहून वेगळी असेल तर वर्गात 10 किंवा साऱ्या शाळेत 40 मुले असताना किमान एक शिक्षक नेमावा. मातृभाषा कोणती, हे पालक सांगतील तेच प्रमाण मानावे. आमच्याकडे सहसा उद्धृत न होणारे वाक्य याच ठरावात आहे : प्रादेशिक भाषा तिसरीच्या आधी सुरू करू नये. तिसरीपर्यंत मूल एका लिपीत साक्षर झालेले असते, एवढा साधा विवेक या अटीत मला दिसतो. कन्नड शिकूच नये, असे त्यात कोठेही नाही.

राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 च्या अहवालात प्राथमिक स्तरावरील मातृभाषेच्या शिक्षणाला घटनात्मक मान्यता द्यावी अशी शिफारस केली. सातव्या घटनादुरुस्तीने 1956 मध्ये अनुच्छेद 350 अ आला. बेळगाव त्याच वर्षी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. ज्या वर्षी आमचे राज्य बदलले, त्याच वर्षी आमच्या मुलांसाठी हे अभिवचन लिहिले गेले. 4 सप्टेंबर 1956 च्या केंद्राच्या निवेदनातही 1949 च्या ठरावाचा आधार घेतलेला आहे. मात्र अनुच्छेदाची शब्दयोजना ‘राज्याने पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करावा’ अशी आहे, आणि ‘प्रयत्न’ हा शब्द न्यायालयात फार वजन पेलत नाही. असो.

पुढचा इतिहास त्या तिसरीच्या अटीभोवती फिरतो. गोकाक समितीनंतर 1982 पासून निघालेल्या आदेशांनी कन्नडचा आग्रह वाढवला. पहिलीपासून कन्नडची सक्ती भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांवर करणे घटनेशी विसंगत आहे, असे कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1989 मध्ये ठरवले. त्यानंतर जून 1989 मध्ये सरकारने नवा आदेश काढला : पहिली ते चौथी एकच भाषा सक्तीची, कन्नड तिसरीपासून, तीही ऐच्छिक आणि परीक्षेविना. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश उचलून धरला. चाळीस वर्षांनी 1949 चेच शहाणपण दुसऱ्या दाराने परत आले होते.

ते टिकले नाही. 2015 च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्याने कन्नड ही प्रथम किंवा द्वितीय भाषा म्हणून टप्प्याटप्प्याने, पहिलीपासून सक्तीची केली. 1989 च्या निकालाशी याचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न मला वकील म्हणून आजही पडतो.

येथे आपल्या लोकांशीही स्पष्ट बोलले पाहिजे. माझे निम्मे दप्तर कन्नडमध्ये असते. कन्नड न येणारा मराठी तरुण तहसील कचेरीत दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत उभा राहतो, हे मी रोज पाहतो. म्हणून माझा वाद कन्नडशी नाही, इयत्तेशी आहे. तिसरीत हेच अक्षर शिकवा, पाचवीपर्यंत उत्तम शिकवा. त्यासाठी चांगला शिक्षक मागण्यात आपणच पुढे असले पाहिजे.

आणखी एक गोष्ट अधिक बोचणारी आहे. 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्या माध्यमसक्तीविरुद्ध निर्णय दिला. मुलाची मातृभाषा कोणती हे पालकच ठरवतील, आणि राज्य मातृभाषेचे माध्यमही लादू शकत नाही, असे त्यात म्हटले आहे. पालकाचा शब्द प्रमाण, हे 1949 चेच तत्त्व. आपण त्याचा जयजयकार केला. पण ज्या दाराने कन्नड माध्यमाची सक्ती बाहेर गेली, त्याच दाराने मराठी घरातली मुले इंग्रजी शाळेत गेली. वर्गात 10 मुले उरली नाहीत तर शिक्षकाची मागणी कोणत्या तोंडाने करायची? ते दहा आपल्याच गल्लीतून यायचे असतात.

शाळेच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांच्या टेबलावर प्रवेशाची नोंदवही उघडी असते. तीत मातृभाषेचा एक रकाना आहे. घाईच्या वेळी तो कधी अंदाजाने भरला जातो, कधी शेजारच्या ओळीची नक्कल होते; पुष्कळ पालक तो न वाचताच सही करतात. पुढे एखादा वाद न्यायालयात गेला की आम्ही वकील सर्वांत आधी त्याच पानाची नक्कल मागवतो.