तंबोऱ्याची निवड

तंबोरा किंवा तानपुरा हे हिंदुस्थानी संगीतात गायकाला अखंड आधारस्वर पुरविणारे तंतुवाद्य होय. सतार किंवा गिटार विकत घेताना पडदे आणि तारांची उंची पाहावी लागते, कारण तेथे बोटाने तार दाबायची असते. तंबोऱ्याला पडदे नसतात आणि त्याची तार कोठेही दाबली जात नाही. त्यामुळे त्याची पारख मुख्यतः दोन गोष्टींवर येऊन ठरते. पहिली म्हणजे छेडलेल्या तारेचा नाद किती भरीव आणि लांब चालतो, आणि दुसरी म्हणजे लावलेला स्वर किती वेळ जागेवर राहतो. नवशिक्याच्या खिशाला परवडणाऱ्या वाद्यातही या दोन्ही गोष्टी मिळू शकतात. किंमत वाढते ती पुष्कळदा नक्षीकामाने, आणि नक्षीचा नादाशी काही संबंध नसतो.

मिरजेची परंपरा

महाराष्ट्रात तंबोऱ्याचा विषय निघाला की सांगली जिल्ह्यातील मिरजेचे नाव येतेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शस्त्रांना मागणी उरली नाही तेव्हा, शस्त्रे घडविण्याचे व त्यांना धार लावण्याचे काम करणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर वाद्यनिर्मितीकडे वळले. या परंपरेचे मूळ पुरुष म्हणून फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव घेतले जाते. पटवर्धनांच्या संस्थानात गाण्याला आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी विष्णु दिगंबर पलुसकरांना मिरजेतच शिकविले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थायिक झाले होते आणि जवारी लावण्यात ते स्वतः निष्णात होते. गायक आणि कारागीर एकाच गावात नांदल्याने वाद्यातील उणीव कारागिराला लगेच कळत असे. मिरजेच्या वाद्यांचा लौकिक वाढण्यात या शेजाराचा वाटा मोठा मानावा लागतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

रचना

तंबोऱ्याचा खालचा फुगीर भाग वाळवलेल्या कडू भोपळ्याचा असतो. त्यासाठी लागणारे जाड सालीचे मोठे भोपळे सोलापूर जिल्ह्यात पंढरपूरच्या परिसरात पिकविले जातात. भोपळ्याच्या तोंडावर लाकडी तबली बसविलेली असते आणि वर पोकळ दांडी जोडलेली असते. लाकूड बहुधा तूण वृक्षाचे असते. तबलीवर रुंद घोडी असते व तिच्यावरून चार तारा जातात. दांडीच्या वरच्या टोकाशी दोन पट्ट्या असतात. एकीवर तारा टेकतात, तर दुसरीच्या भोकांतून त्या ओवून खुंट्यांकडे नेलेल्या असतात. घोडीच्या खालच्या बाजूस प्रत्येक तारेत एक मणी असतो. तो सरकवून स्वर बारकाईने जुळवितात.

पहिली तार मंद्र पंचमात, मधल्या दोन म्हणजे जोडीच्या तारा मध्य षड्जात आणि चौथी मंद्र षड्जात लावतात. या चौथ्या तारेला खरज म्हणतात. मालकंसासारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागात पहिली तार मध्यमात लावली जाते, तर मारव्यात निषादात लावण्याची प्रथा आहे.

जवारी

तंबोऱ्याचा आत्मा जवारीत असतो असे गायक मानतात, आणि ते अतिशयोक्तीचे नाही. घोडीचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसला तरी त्याला अत्यंत सौम्य उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार या उताराला हलकेच स्पर्श करीत राहते, त्यामुळे मूळ स्वराबरोबर वरचे अनेक उपस्वर उमटतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा ठेवलेला असतो. तो केसभर पुढेमागे सरकविला की नाद एकदम खुलतो किंवा मिटतो. चांगल्या तंबोऱ्याच्या खरजेच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, त्यास स्वयंभू गंधार म्हणतात.

या नादाकडे चंद्रशेखर व्यंकट रामन यांचेही लक्ष गेले होते. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या उपस्वराचा निस्पंद येतो तो उपस्वर उमटू नये, असा भौतिकशास्त्रातील मान्य नियम होता. तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीमुळे हा नियम पाळला जात नाही, असे त्यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले.

जवारी हाताने कानशीने घासून लावतात आणि कारागिराचा कान हेच तिचे मोजमाप असते. म्हणून एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेले, दिसायला सारखे दोन तंबोरे नादाला वेगळे निघतात. पत्ता आणि किंमत कळवून, न ऐकता वाद्य मागविणे यामुळेच धोक्याचे ठरते.

विकत घेताना

सर्वांत आधी गाणाऱ्याची पट्टी ठरलेली असावी. पुरुषांचा तंबोरा सुमारे पाच फूट उंचीचा असतो आणि काळी एक ते काळी दोन या पट्ट्यांना शोभतो. स्त्रियांचा तंबोरा सुमारे चार फुटांचा असून काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास लावला जातो. मोठ्या वाद्याच्या तारा उंच पट्टीपर्यंत ताणल्या तर त्या तुटतात किंवा तबलीवर फाजील ताण येतो. उलट लहान वाद्य खाली उतरविले तर तारा सैल पडून नाद फडफडतो. वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटेपर्यंत नवा तंबोरा न घेतलेलाच बरा.

वाद्य प्रत्यक्ष समोर आल्यावर चारही तारा एकदम छेडण्याचा मोह होतो. चारी तारांच्या घुमाऱ्यात एकीचा दोष सहज लपतो, त्यामुळे प्रत्येक तार एकटी छेडून ती विझेपर्यंत ऐकावी. जोडीच्या दोन तारांचा नाद एकाच जातीचा असावा. एक खुली आणि दुसरी बंद वाटत असेल तर जवारी असमान आहे. मग तारा पूर्ण स्वरात लावून वाद्य अर्धा तास तसेच ठेवावे व पुन्हा ऐकावे. नव्या तारा थोड्या उतरतातच, परंतु खुंटी घसरत असेल किंवा फिरविताना झटके देत असेल तर त्या वाद्यावर रियाजाचा बराच वेळ केवळ जुळवणीत जाईल. असा तंबोरा स्वस्त असूनही महाग पडतो.

तबली घोडीखाली खचलेली नसावी. भोपळ्यावर बोटाने टिचकी मारल्यास आवाज सर्वत्र सारखा यावा. सांध्यांत लुकण भरून वर पॉलिश चढविलेले असेल तर उजेडात तिरके धरून पाहिल्यावर ते दिसते. कीड लागल्याची बारीक भोकेही तेव्हाच दिसून येतात. दांडी डोळ्यांच्या रेषेत धरून तिचा बाक पाहावा. लाकूड नीट मुरलेले नसले तर हा बाक पुढे वाढत जातो.

जुना तंबोरा मिळत असेल तर तो अवश्य ऐकावा. त्याचे लाकूड पूर्ण वाळलेले असते आणि त्यात व्हायचे ते फेरफार होऊन गेलेले असतात. झिजलेली जवारी पुन्हा लावता येते आणि खुंट्या बदलता येतात. मात्र खचलेली तबली किंवा गळ्याशी सुटलेला सांधा असल्यास दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीच्या जवळ जातो.

दुरुस्तीची सोय हा प्रश्न तालुक्याच्या गावी अधिक जाणवतो. तारांच्या घर्षणाने घोडीवर चरे पडतात आणि काही काळाने जवारी पुन्हा लावावी लागते. दिंडोरीसारख्या ठिकाणाहून नाशिकची बाजारपेठ जवळ आहे, पण मिरज साडेचारशे किलोमीटरांच्या आसपास पडते. अशा वेळी जवारी लावणारा माणूस कोठे बसतो किंवा वर्षातून केव्हा येतो, याची चौकशी वाद्य घेण्यापूर्वीच करावी. परीक्षेच्या तोंडावर ती सुरू करून उपयोग होत नाही.

पर्याय

भोपळ्याऐवजी चपटी लाकडी पेटी असलेली तंबोरी आकाराने लहान व प्रवासाला सोयीची असते. तिचा नाद तंबोऱ्याइतका गंभीर नसतो. बंगळुरूच्या राडेल कंपनीने १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला, आणि आता भ्रमणध्वनीवरील उपयोजने तेच काम जवळजवळ फुकटात करतात. खोट्या स्वरात लागलेल्या, वाईट जवारीच्या तंबोऱ्यापेक्षा ही साधने निश्चित बरी. त्यांत एक गोष्ट मात्र नाही. चार तारा स्वतः जुळविताना कानाला जी सूक्ष्म स्वरभेदाची सवय लागते, ती कळ दाबून लागत नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक-प्रवेशिकेच्या विद्यार्थ्याला यंत्र पुरते. विशारदापर्यंत जाऊ पाहणाऱ्याने तोवर स्वतःचा तंबोरा हाताळलेला असावा.

निगा

नाशिक जिल्ह्यातील कोरडा उन्हाळा आणि दमट पावसाळा यांत लाकूड आकसते व फुगते. तंबोरा भिंतीच्या ओलीपासून आणि उन्हापासून दूर, गवसणीत ठेवावा. पावसाळ्यात फुगून अडकलेली खुंटी जोर लावून फिरवू नये. घसरणाऱ्या खुंटीला खडू लावतात. प्रवासात तारा एक-दोन स्वर उतरवून ठेवतात आणि भोपळ्याखाली मऊ कापडाची चुंबळ देतात. भोपळ्याला बारीक तडा गेला तर तो कारागिराकडून सांधून घेता येतो. नीट सांधलेल्या भोपळ्याच्या नादात सहसा फरक पडत नाही.