१९१४ चा नौकाशर्यतींचा हंगाम

मराठीतील ‘शर्यत’ हा शब्द अरबी ‘शर्त’ ह्या शब्दाच्या कुळातील असून त्याचा मूळ अर्थ ‘अट’ वा ‘करार’ असा आहे. चढाओढ हा अर्थ मागाहून आला. ‘मोसम’ हाही मूळचा अरबीच. ‘ठरलेली वेळ’ हा त्याचा अर्थ खलाश्यांच्या व्यवहारात वाऱ्यांना लागू झाला. व्युत्पत्तीवरून इतिहास रचू नये, असे प्रस्तुत लेखक आपल्या विद्यार्थ्यांना नेहमी बजावत असतो. तरीही उत्तर युरोपातील शिडाच्या नौकांचा १९१४ चा हंगाम अभ्यासताना हे दोन शब्द वारंवार आठवले. ठरलेल्या वेळा आणि परस्परांनी मान्य केलेल्या अटी ह्यांवाचून असा हंगाम उभाच राहत नाही.

अटींपैकी पहिली मापाची. मोठी नौका सामान्यतः लहान नौकेहून वेगवान असते. म्हणून लांबी, शिडांचे क्षेत्रफळ इत्यादींवरून नौकांचे वर्ग पाडावे लागतात. एकोणिसाव्या शतकात हे नियम देशोदेशी निराळे होते व एका बंदरासाठी बांधलेल्या नौकेला दुसऱ्या बंदरात न्याय मिळणे कठीण होते. १९०६ साली लंडनच्या परिषदेत सामाईक नियम ठरला आणि १९०७ साली पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. इंग्रज व जर्मन दोघेही त्यात होते. युद्धनौकांच्या संख्येबाबत ज्यांचे एकमत होऊ शकले नाही, त्यांचे क्रीडानौकांच्या मापाबाबत झाले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

माप एक झाल्यामुळे तारखांची साखळी जोडणे सोपे झाले. जूनच्या अखेरीस बाल्टिक समुद्रावरील कील, ऑगस्टच्या आरंभी इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट बेटावरील काउज असा नौकांचा क्रम असे. कीलला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. उलट काउजसमोरील सोलेंट सामुद्रधुनीत प्रवाह जोरदार आणि भरती दुहेरी, त्यामुळे तेथील शर्यती पाण्याच्या वेळा पाहूनच लावाव्या लागतात. कील येथील शर्यतींचा आरंभ १८८२ साली अवघ्या २० नौकांनी झाला होता. कैसर दुसरा विल्हेल्म १८८९ पासून १८९५ पर्यंत दर उन्हाळ्यात काउजला जात असे. पुढे त्याने तिकडे पाठ फिरविली आणि कील सप्ताहालाच काउजचे वैभव आणण्याचा चंग बांधला. बाल्टिक व उत्तर समुद्र जोडणारा कील कालवा १८९५ साली खुला झाला होता. १९०७ पासून त्याचे रुंदीकरण चालू होते, ते मोठ्या युद्धनौका त्यातून जाव्यात म्हणून. २४ जून १९१४ रोजी, ऐन सप्ताहात, कैसरने नव्या दरवाज्यांचे उद्घाटन केले. व्हाइस ॲडमिरल वॉरेंडर ह्यांच्या अधिपत्याखाली चार ब्रिटिश युद्धनौका व तीन क्रूझर पाहुण्या म्हणून बंदरात उभ्या होत्या. अनिश्चिततेची चिन्हे कोणापासून लपलेली नव्हती. ती पताकांनी सजलेली होती, इतकेच.

२८ जून रोजी कैसर आपल्या ‘मेटिऑर’ नौकेवर शर्यतीत असताना एक लाँच जवळ आली आणि सिगारेटच्या डबीत घातलेली चिठ्ठी नौकेवर फेकण्यात आली. साराजेव्हो येथे आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड ह्यांची हत्या झाली होती. कैसरने शर्यत सोडली. तथापि हंगाम मोडला नाही. ह्यापुढील भाग इतिहासकाराने विशेष लक्षपूर्वक पाहावा. ६ जुलै रोजी कैसर दरवर्षीप्रमाणे नॉर्वेच्या जलप्रवासाला निघाला, आणि तो निघावा असा आग्रह खुद्द चॅन्सेलर बेथमान होलवेग ह्यांचा होता. कारण नेहमीचा कार्यक्रम रद्द झाल्यास इतर राष्ट्रे सावध झाली असती. म्हणजे उन्हाळी वेळापत्रकाचा नियमितपणा हाच पडदा म्हणून वापरला गेला. काउजच्या तयारीत गुंतलेल्यांना भाबडे म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या खुणेवरून त्यांनी शांततेचा अंदाज बांधावा, तीच खूण त्या महिन्यात बनावट होती.

४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरले. काउजचा सप्ताह रद्द झाला व १९१९ पर्यंत पुन्हा भरला नाही. ज्यांचे नाव चहाच्या पुड्यांमुळे आपल्याकडेही घरोघर पोचले, त्या सर टॉमस लिप्टन ह्यांची ‘शॅमरॉक चौथी’ त्या वेळी अटलांटिक महासागरात होती. सप्टेंबरात अमेरिका चषकासाठी तिची शर्यत ठरली होती. युद्धाची वार्ता तिला वाटेतच मिळाली. नौका न्यूयॉर्कला पोचली, पण शर्यत झाली ती १९२० च्या जुलैत. पहिल्या दोन फेऱ्या जिंकूनही ती ‘रेझोल्यूट’कडून ३-२ अशी हरली. तिला सोबत करणारी लिप्टन ह्यांची वाफेची नौका ‘एरिन’ त्यापूर्वीच, १९१६ साली, नौदलाच्या सेवेत माल्टाजवळ सुरुंगाने बुडाली होती. २०२० च्या साथीत कील सप्ताह जूनऐवजी सप्टेंबरात घेऊन वर्ष निभावता आले. १९१४ मध्ये पुढची तारीख देऊ शकेल असा कोणीच उरला नव्हता.

सर्वांत बोलके उदाहरण ‘जर्मानिया’चे. क्रुप घराण्याची, १९०८ साली कीललाच बांधलेली ही दोन डोलकाठ्यांची नौका काउजसाठी आली असताना साउदॅम्प्टन येथे जप्त झाली. युद्ध सुरू होताना शत्रूच्या बंदरात सापडलेल्या व्यापारी जहाजांना सवलत देणारा हेग येथील करार १९०७ चा होता, म्हणजे शर्यतींचा संघ ज्या वर्षी जन्मला त्याच वर्षाचा. पण शर्यतीची नौका ‘व्यापारी जहाज’ ह्या संज्ञेत बसत नाही, असा न्यायालयाने अर्थ लावला आणि जप्ती कायम झाली. माल वाहणाऱ्याला अट होती. केवळ वाऱ्याशी खेळणाऱ्याला कोणतीच नव्हती. पुढे नौका विकली गेली, तिचे नाव बदलत गेले, आणि १९३० साली ‘हाफ मून’ ह्या नावाने ती फ्लॉरिडातील की बिस्केनजवळ उथळ पाण्यात बुडाली. तिचा सांगाडा तेथे अजून आहे.