बांधाचा वाद आणि मोजणीची साखळी

पूर्वीं शेजाऱ्यांच्या जमिनींची हद्द बांध, ओहोळ आणि वडील माणसांची आठवण ह्यांवर उभी असे. साक्षीदार वारला कीं तंटा उपजे. मुंबई इलाख्यांत सन १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनीं इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी चालविली आणि हद्द नकाशावर चढली. साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. साखळीचा चौरस तो गुंठा. आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित् अधिक. एवढ्या मापापुढें सरकविलेला बांध लपेना.

सन १८७९ च्या जमीन महसूल कायद्याचें ११९ वें कलम लक्षांत घेण्याजोगें आहे. मोजणीच्या वेळीं धारकानें दाखविलेली हद्द निर्विवाद असून गांवकामगारांनीं ती खरी म्हटल्यास तीच कायम करतां येई. पुढें वाद निघाल्यास कलेक्टरानें आधीं मोजणीचें दप्तर पाहावें. त्यांत समाधानकारक पुरावा नसेल तरच इतर पुरावा घ्यावा. म्हणजे, वाचकहो, त्या दिवशीं आजा वाडींत हजर होता कीं नव्हता, ह्यावर नातवाची केळींची एक रांग अवलंबून!

हद्दीची खूण जाणूनबुजून हलविणारास दंड होई, आणि त्याचा अर्धा भाग खबर देणारास मिळूं शके. शेजारधर्मास हें कितपत मानवलें असेल? सन १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेंही तें अर्धें बक्षीस तसेंच ठेविलें.