पाणमांजर : संख्या वाढली तरी गेलेला वारसा परत येत नाही

रेवदंडा : कुंडलिका नदी इथे समुद्राला मिळते. खाडी, कांदळवन आणि मासळी असलेला असा पट्टा पाणमांजराला मानवतो. कोकणच्या खाड्यांत आढळतं ते मुख्यतः मऊ केसांचं पाणमांजर. उदमांजर वेगळं, ते झाडावर चढणारं जनावर.

बोटांमधले पडदे, दाट लव, बुडी मारताच मिटणाऱ्या नाकपुड्या आणि गढूळ पाण्यात मासा हेरणाऱ्या मिशा हे पिढ्यान्‌पिढ्या जनुकांतून उतरलेले गुण आहेत.

संख्या घटली की जनुकांतली विविधताही आटते. मोजकेच प्राणी उरले तर नात्यातच जोड्या जमतात, दोष साठतात, नव्या रोगापुढे टिकाव लागणं कठीण होतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या समुद्री पाणमांजरांची कातड्यासाठी बेसुमार शिकार झाली. १९११ च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यांना संरक्षण मिळालं. कॅलिफोर्नियात १९३८ मध्ये जेमतेम ५० चा कळप सापडला. आज तिथे सुमारे ३ हजार आहेत, पण जनुकीय विविधता अजून कमीच.

म्हणूनच आपल्याकडे नुसती संख्या बघून भागणार नाही. कांदळवन तोडलं, काठ उकरले, पाणी दूषित झालं, तर एका खाडीतले कळप दुसरीपासून तुटतात.

जाळी फाडतं, मासे पळवतं, ही कोळी बांधवांची तक्रार खरी आहे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला मारणं गुन्हा आहे. जखमी किंवा अडकलेलं पाणमांजर दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.