काळी वाळू आणि तुटलेली सूत्रे

इ. स. १९५६ साली दिल्लीच्या प्रकाशन विभागाने अणुस्फोट आणि त्यांचे परिणाम या विषयावर एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. पंडित नेहरूंची प्रस्तावना लाभलेला हा ग्रंथ डॉ. दौलतसिंग कोठारी यांनी सिद्ध केला होता आणि त्यास डॉ. होमी भाभा व डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे साहाय्य झाले होते. खानोलकर हे मुंबईचे विख्यात विकृतिशास्त्रज्ञ. राजधानीत राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना या शहरातील आपल्या माणसांच्या कर्तृत्वाच्या खुणा शोधण्याची सवय असते; परंतु ती शोधताना आम्ही बहुधा पानिपतापर्यंत जातो आणि तेथेच थांबतो. ग्रंथालयातील अशा पुस्तकाकडे आमचे लक्ष जात नाही.

किरणोत्सर्गाने मनुष्याच्या पेशीतील आनुवंशिक द्रव्यास किती इजा होते, हा त्या काळचा ज्वलंत प्रश्न होता. तो सोडवावयाचा तर इजा मोजता आली पाहिजे; आणि मोजण्याची अवस्था अशी की, मनुष्याच्या पेशीत रंगसूत्रे किती असतात हेदेखील नुकतेच ठरत होते. इ. स. १९२३ मध्ये पेंटर या अमेरिकन शास्त्रज्ञाने ती ४८ असल्याचे सांगितले आणि पुढे तीस वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांना ती ४८ च दिसत राहिली! त्यांची खरी संख्या ४६ आहे हे त्यो आणि लेव्हान यांनी स्वीडनमध्ये दाखवून दिले, तेही १९५६ सालीच. वरिष्ठांनी एकदा नोंदविलेला आकडा खालच्या टेबलांवर कसा टिकून राहतो, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करण्यास जगात जी थोडी नैसर्गिक ठिकाणे आहेत, त्यांत केरळचा किनारा अग्रगण्य होय. क्विलोनच्या उत्तरेस चवरा, नींदकरा या भागातील काळसर वाळूत मोनाझाइट नावाचे खनिज आहे व त्यात थोरियम असते. या वाळूवर कोळ्यांची दाट वस्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे. घर वाळूवर, जाळी वाळूवर, मुले वाळूत. देशातील अन्य भागांच्या मानाने तेथील काही वस्त्यांत नैसर्गिक किरणोत्सर्ग कित्येक पटींनी अधिक आढळतो.

इ. स. १९७६ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील कोच्चुपिळ्ळै, वर्मा, ग्रेवाल व रामलिंगस्वामी यांनी या किनाऱ्यासंबंधीचा आपला निबंध 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. किरणोत्सर्ग अधिक असलेल्या पट्ट्यातील सुमारे तेरा हजार माणसांत त्यांना डाउन विकाराचे १२ रुग्ण आढळले. तुलनेसाठी घेतलेल्या सुमारे सहा हजारांत एकही नाही. रक्तातील पेशींच्या रंगसूत्रांतही त्यांना अधिक विकृती दिसल्या. निबंधावर तत्काळ आक्षेप निघाले. डाउन विकार मातेच्या वयाशी निगडित असतो, त्याचा हिशेब पुरेसा झाला काय? आणि तुलनेच्या वस्तीत एकही रुग्ण नसावा, हे जरा विलक्षणच नव्हे काय? आम्हांस हा दुसरा प्रश्न अधिक मार्मिक वाटतो. कारण पहिल्या रकान्यातील १२ या आकड्याचे सारे वजन दुसऱ्या रकान्यातील शून्यावर तोललेले होते.

पुढे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने त्या भागात नवजात बालकांच्या नाळेतील रक्त तपासण्याचे दीर्घ काम चालविले. इ. स. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दहा हजारांहून अधिक बालकांच्या सुमारे साडेनऊ लक्ष पेशी तपासल्याची नोंद आहे; दोन्ही भागांतील बालकांच्या रंगसूत्रांत लक्षणीय फरक त्यांना आढळला नाही. दिल्लीची मोजणी एक सांगते, मुंबईची दुसरे. अणुशक्तीचा कारभार पाहणाऱ्यांनीच ही मोजणी करावी काय, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न अप्रस्तुत नाही. तथापि ज्यांची संख्या इतकी मोठी, त्यांचे पारडे आम्ही जड मानतो. दोन्ही मोजण्या एकाच मापाने झाल्या नव्हत्या, ही गोष्ट मात्र उरतेच: एकीने प्रौढांचे रक्त घेतले, दुसरीने नवजातांचे.

एकच माप सर्वत्र चालविणे किती कठीण असते, हे नंतर आलेल्या एका पद्धतीवरून कळते. इ. स. १९८४ मध्ये ओस्टलिंग व योहान्सन यांनी आणि १९८८ मध्ये नरेंद्र सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ती विकसित केली. पेशी काचपट्टीवरील जेलीत बसवावयाच्या, त्यांची आवरणे विरघळवावयाची आणि विजेचा प्रवाह सोडावयाचा. डीएनएचे धागे तुटलेले असतील तर ते पुढे ओढले जातात व सूक्ष्मदर्शकाखाली धूमकेतूसारखी शेपटी दिसते. तिला 'कॉमेट' चाचणी हेच नाव पडले. खर्च थोडा, रक्त थेंबभर. तेव्हा ती जगभर पसरली. परंतु जेली किती दाट, विजेचा दाब किती, प्रवाह किती मिनिटे, खोली किती थंड, या प्रत्येक गोष्टीने शेपटीची लांबी बदलते. एकाच प्रकारच्या पेशी निरनिराळ्या प्रयोगशाळांस पाठविल्या असता उत्तरे फार भिन्न आली. जुन्या काळी प्रत्येक बाजारपेठेचा शेर निराळा असे, त्यातलाच हा प्रकार.

युरोपातील प्रयोगशाळांनी यावर जो उपाय योजिला तो आम्हांस फार आवडला. ज्ञात मात्रेचे गॅमा किरण दिलेल्या पेशी सर्वांनी आपापल्या पद्धतीने मोजावयाच्या, त्यांवरून प्रत्येकाने आपला आलेख काढावयाचा आणि मग शेपटी न सांगता धाग्यात किती तुटी आहेत ते सांगावयाचे. याने फरक कमी झाला. पुरता गेला नाही. इ. स. २०१४ मध्ये प्राण्यांवरील या चाचणीस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका लाभली. केरळच्या प्रौढांची तपासणीही पुढे याच पद्धतीने झाली व वाळूवर राहणाऱ्यांत हानी वाढलेली आढळली नाही.

हे सारे प्रयोगशाळांतील शास्त्रार्थ आहेत असे दिल्लीकरांस वाटत असेल, तर एप्रिल २०१० मधील मायापुरी आठवावी. दिल्ली विद्यापीठाने इ. स. १९८५ पासून पडून असलेले एक किरणयंत्र लिलावात विकले. भंगार बाजारात ते फोडले गेले आणि आतील कोबाल्टचे तुकडे हातोहात फिरले. एकाने तर एक तुकडा खिशातील पाकिटात ठेवला होता. एक कामगार दगावला, आणखी कित्येक रुग्णालयांत पडले. त्यांच्यापैकी कोणाच्याही अंगावर मात्रा मोजण्याचा बिल्ला नव्हता. अशा वेळी रक्तातील पेशी हाच काय तो साक्षीदार: दोन मध्ये असलेली विकृत रंगसूत्रे मोजावयाची आणि किरणांची मात्रा ठरवावयाची. निरोगी माणसात असे रंगसूत्र हजार पेशींत जेमतेम एखादे सापडते. या मोजणीसाठी इ. स. २००४ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि प्रत्येक प्रयोगशाळेने आपला आलेख स्वतःच सिद्ध करावा, दुसऱ्याचा उसना घेऊ नये, असा त्यातील दंडक आहे. मोठा अपघात झाला तर एका प्रयोगशाळेस हजारो पेशी मोजणे अशक्य होते. म्हणून आता पेशींची छायाचित्रे देशोदेशीच्या प्रयोगशाळांस पाठवून अनेकांच्या डोळ्यांनी त्या मोजविण्याचा सराव केला जातो.