सोनाराची भूमिती

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये चांदीचे, सुमारे एक मीटर उंचीचे एक शोभापात्र आहे. न्यूरेम्बर्ग येथील सोनार वेन्त्सेल याम्नित्सर (१५०८-१५८५) याने ते १५४९ साली घडवले. त्यावरची गवताची पाती आणि चिमुकले प्राणी हाताने कोरलेले नाहीत. खऱ्याखुऱ्या नमुन्यांवरून ते ओतलेले आहेत.

मेलेली पाल हव्या त्या ढंगात बसवायची, तिच्यावर साच्याचा पातळ लगदा ओतायचा आणि वाळल्यावर साचा भाजायचा. पाल जळून जाते, तिच्या आकाराची पोकळी उरते. राख काढून त्या पोकळीत चांदी ओतायची. आपले मूर्तिकार मेण वितळवून काढतात, त्यातलीच ही युक्ती. चांदी ९६२ अंश सेल्सियसला वितळते. साचा थंड असेल तर शेपटीच्या टोकापर्यंत पोचण्याआधीच ती गोठते. आत अडकलेल्या हवेला वाट नसेल तर बोटे उमटत नाहीत. म्हणजे उष्णता आणि वायू यांचे वर्तन या कारागिराला अनुभवाने चांगले ठाऊक होते.

पाचव्या चार्ल्सपासून दुसऱ्या रुडॉल्फपर्यंत चार सम्राटांसाठी काम केलेल्या या सोनाराने १५६८ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा विषय दागिने नव्हता; सुसम घनाकृती हा होता. चतुष्फलक म्हणजे अग्नी, अष्टफलक म्हणजे वायू, घन म्हणजे पृथ्वी, विंशतिफलक म्हणजे जल आणि द्वादशफलक म्हणजे आकाश, ही प्लेटोची कल्पना त्याने घेतली. मग कोपरे छाटून, पृष्ठांवर सुळके उभारून प्रत्येक आकृतीची चोवीस रूपे यथार्थदर्शनाच्या नियमांनी दाखवली. योस्ट अम्मान याने ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरली.

रूपे कितीही केली तरी मूळ आकृती पाचच. असे का?

याचे उत्तर वर्गात पुठ्ठ्याने मिळते. घनाकृतीच्या कोपऱ्यात निदान तीन पृष्ठे एकत्र यावी लागतात आणि त्यांच्या कोनांची बेरीज ३६० अंशांपेक्षा कमी असावी लागते. समभुज त्रिकोण तीन, चार किंवा पाच जोडता येतात. सहा जोडले की सपाट होतात. चौरस तीनच चालतात. सुसम पंचकोनही तीनच, कारण ३ × १०८ = ३२४. तीन षट्कोन पुन्हा सपाट. एकूण शक्यता पाच! युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या शेवटी हेच सिद्ध केले आहे.

कार्यानुभवाच्या तासाला कात्री आणि गणिताच्या तासाला प्रमेय, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. तिचा तोटा दोन्ही तासांना होतो. याम्नित्सरच्या हाती कानस आणि कंपास दोन्ही होते. घनाकृती फळ्यावर काढण्याआधी एकदा मुलांच्या हाती पुठ्ठा देऊन पाहा. सहावा त्रिकोण जोडताना कोपरा उभा राहत नाही, हे त्यांचे त्यांनाच कळेल. आणि 'पाचच का?' हा प्रश्न आपल्याला विचारावा लागणार नाही.