उन्हाची खिडकी, पावसाची वाट

आमच्या घरी १९३८ सालची एक मॉरिस एट गाडी आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती जुनीच विकत घेतली होती. तिच्या छताला मधोमध एक सरकतं झाकण आहे. आज आपण ज्याला सनरूफ म्हणतो, तेच. आम्हा भावंडांना त्याचं भारी अप्रूप. आईला मात्र ते मुळीच आवडायचं नाही, कारण पावसाळ्यात पहिला थेंब नेमका तिच्या खांद्यावर पडायचा. ती म्हणायची, "साहेबाला ऊन मिळत नाही म्हणून त्यानं छताला भोक पाडलं. आपल्याला काय उन्हाचा दुष्काळ होता?"

आईच्या बोलण्यात इतिहास होता. मोटारी सुरुवातीला उघड्याच असत, वरून फार तर कापडी हूड. अमेरिकेत १९१९ साली दहा गाड्यांपैकी साधारण एकच बंद छताची होती. १९२७पर्यंत हे प्रमाण शंभरात पंच्याऐंशीवर गेलं. इंग्लंडातही लोक थंडीपावसापासून सुटका म्हणून बंद गाड्यांकडे वळले. पण आत बसल्यावर त्यांना आठवण येऊ लागली ती उघड्या गाडीतल्या वाऱ्याची आणि कधीमधी पडणाऱ्या उन्हाची. थंडीही नको आणि कोंडूनही घेणं नको! या पेचातून सरकत्या छताला गिऱ्हाईक मिळालं. तिकडे त्याचं नावच होतं 'सनशाइन रूफ'.

छताला खिडकी पाडणं तेव्हा आजच्याइतकं अवघडही नव्हतं. गाडीचं अख्खं छत एकाच पत्र्यातून दाबून काढण्याची सोय कारखान्यांकडे नव्हती. मध्यभाग मोकळाच ठेवत. तिथे लाकडी पट्ट्या, तारेची जाळी, वर भरण आणि त्यावर रेक्झिनसारखं कापड. 'जनरल मोटर्स'ने एकसंध पोलादी छत आणलं ते १९३५च्या मॉडेलांसाठी. तोवर छताचा मधला भाग कच्चाच होता. तिथे झाकण बसलं तर नवल ते काय?

इंग्लंडात हे झाकण लोकप्रिय केलं नॉर्दम्प्टनच्या 'पिचली' कंपनीने. तिच्यामागचा माणूस होता नोएल मॉब्ज. पहिल्या महायुद्धात वापरलेली लष्करी वाहनं दुरुस्त करून विकणाऱ्या स्लाउच्या कंपनीशीही त्याचा जवळचा संबंध होता. डेमलरच्या गाड्यांना १९२७ साली पिचलीचं छत मिळू लागलं. पुढच्या दहा वर्षांत ते ऑस्टिन-मॉरिससारख्या मध्यमवर्गीय गाड्यांपर्यंत उतरलं. जर्मनीत फोक्सवॅगनच्या बीटलला १९५०मध्ये घडीचं कापडी छत आलं आणि १९६३च्या उत्तरार्धात त्याची जागा हँडल फिरवून सरकवायच्या पोलादी झाकणाने घेतली. फ्रान्सची १९४८ची सिट्रोएन टू सीव्ही आणि इटलीची १९५७ची फियाट ५०० यांची गोष्ट निराळी. त्यांचं कापडी छत वळकटीसारखं गुंडाळायचं, पण तिथे चैनीपेक्षा पोलादाची बचत मोठी होती.

सरकणाऱ्या झाकणाची मेख मला कळली, ती मात्र पुस्तकातून नाही. ती कळली नुकसानीतून.

२००४ साली गाडी माझ्या ताब्यात आली. आईच्या खांद्यावरचा तो थेंब कायमचा बंद करायचा असं मी ठरवलं आणि झाकणाच्या चारी बाजूंची फट डांबराने बुजवून टाकली. दोन पावसाळे गाडी आतून कोरडी राहिली. मी खूश! तिसऱ्या पावसाळ्यात पायाखालची चटई ओली दिसली. छताचं अस्तर उसवलं तर आतल्या लाकडी पट्टीचा अक्षरशः भुगा हातात आला. पुढच्या खांबाचा पत्राही तळाशी कुजला होता.

एका गॅरेजने सल्ला दिला, "झाकण काढून टाका, वरून पत्रा वेल्ड करून घ्या. कटकट मिटेल." मी जवळजवळ होकार दिला होता. तेवढ्यात एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी झाकण काढायला लावलं आणि डांबर खरवडून खालची चौकट दाखवली. झाकणाच्या कडेने चारी बाजूंना पत्र्याची पन्हळ होती. चार कोपऱ्यांत चार भोकं. प्रत्येक भोकातून एक बारीक नळी खांबातून खाली गेलेली. चारही नळ्या माती आणि डांबराने गच्च.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, हे झाकण पाणी अडवायला नाहीच. सरकायचं म्हणजे फट राहणार, फट राहिली की पाणी येणार. आलेलं पाणी पन्हळीत घ्यायचं आणि नळीनं बाहेर काढायचं. तुम्ही वाटच बंद केलीत."

कौलारू घराच्या पन्हळी दर उन्हाळ्यात साफ करणाऱ्या घरातला मी. मला हे सुचू नये? उन्हाने डांबराला तडे गेले, तड्यांतून पाणी शिरलं आणि बाहेर पडायला जागा नाही म्हणून ते लाकडात मुरलं. आईच्या खांद्यावर पडणारा थेंब हा दोष नव्हताच. एखादी नळी तुंबली आहे, एवढंच तो सांगत होता. अण्णांच्या गाडीचं जे सत्तर वर्षांत झालं नाही, ते मी तीन पावसाळ्यांत करून दाखवलं.

मग दुरुस्तीच करायची ठरली. सायकलच्या ब्रेकची तार घालून दोन नळ्या मोकळ्या झाल्या. दोन नव्या घालाव्या लागल्या. पन्हळीचा गंजलेला तुकडा कापून तेवढाच नवा जोडला. लाकूड, नमदा आणि अस्तर नवं. जुनं झाकण मात्र तेच. पुढे जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची 'ट्युरिन सनद' वाचनात आली. ती २०१३पासून लागू आहे. मूळ भाग जमेल तितके जपावेत, बदललेले ओळखू यावेत आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, असं ती सांगते. मिस्त्रींनी सनद वाचली नव्हती. तरी नव्या नळ्यांवर त्यांनी खिळ्याने साल कोरून ठेवलं होतं. म्हणाले, "पुढच्याला कळायला हवं, जुनं कुठलं आणि नवं कुठलं."

शेवटी त्यांनी झाकण लावलं आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. आत थेंब नाही. खाली वाकून पाहिलं, तर चार बाजूंना चार धारा लागल्या होत्या. आई तेव्हा ऐंशीची होती. तिने मागच्या सीटवर बसून खांदा चाचपला आणि म्हणाली, "आता ठीक आहे."

सध्या नव्या गाड्यांत सनरूफची मोठी हौस आहे. झाकणाची काच झाली, हँडलच्या जागी बटण आलं, पण पन्हळ आणि नळ्या तशाच आहेत. तुमच्या गाडीला सनरूफ असेल तर मृगाआधी ते उघडून पन्हळीत पेलाभर पाणी हळूहळू ओतून पाहा. ते खाली उतरलं तर काळजी नाही. साचून राहिलं तर मिस्त्रींना गाठा. डांबराला मात्र हात लावू नका!

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)